ओळ अर्धवट सोडून मागे फिरताना

भाचीला डिसेंबरची तारीख मिळाली आणि त्याच संध्याकाळी आईचा फोन आला, "अगं, बाळ ऐन थंडीतलं आहे, बाळंतविड्यात लोकरीचं सगळं हवं." आई नाशिकला असते. तिकडची डिसेंबर-जानेवारीची थंडी काय असते ते नाशिककरांना सांगायला नको, निफाडचा पारा किती खाली उतरला ते रोज पेपरात येतं आणि द्राक्षवाले शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवून बसतात. घरातल्या प्रत्येक बाळाला आईने स्वतः विणलेला सेट दिलाय, स्वेटर, टोपडं, मोजे. पण यावेळी तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. म्हणून मग वाटणी झाली, स्वेटर ती जमेल तसा हळूहळू करणार आणि टोपडं-मोजे माझ्याकडे.

मी शाळेत असताना आईकडून सुलट-उलट शिकले होते, एक मफलर विणला होता आणि नंतर नोकरी, घर, मुलं यात वीसेक वर्षं सुयांना हात लावला नव्हता. परत सुरू केलं ते दोन वर्षांपूर्वी, आणि तेव्हापासून मी एक गोष्ट ठरवून पाळते की वस्तू छोटीच घ्यायची आणि प्रत्येक वस्तूत एकच नवीन गोष्ट शिकायची. एकच. कपाखालची चकती केली ती क्रोशाचा गोल शिकायला, मोबाईलचं पाऊच केलं ते दोन रंग एका ओळीत कसे चालवायचे ते बघायला, आणि दाराचं एक वीतभर तोरण केलं ते नुसत्या पाकळ्यांसाठी. स्वेटरला चार-चार महिने लागतात, त्यात बाही वळवायची वेळ एकदाच येते आणि ती शिकून होईपर्यंत बाही संपलेली असते, पुढचा स्वेटर करेपर्यंत हात विसरलेला असतो. छोट्या वस्तूचं तसं नाही. तीन संध्याकाळी लागतात, चुकली तर उसवायची, परत करायची, तिसऱ्यांदा करताना डोळे टीव्हीकडे असले तरी हात बरोबर जातो.

मराठीत एक गंमत आहे बघा, आपण घोंगडीही विणतो, खाटही विणतो, स्वेटरही विणतो आणि कोळी जाळंही विणतो. सगळ्याला एकच शब्द. पण घोंगडी मागावर होते, तिथे उभे-आडवे दोन धागे लागतात, आणि दोन सुयांच्या विणकामात धागा एकच असतो, त्याचीच कडी काढून पुढच्या कडीत ओवत जायचं. क्रोशातही एकच धागा आणि सुईही एकच, आकडीची. फरक इतकाच की सुयांवर एका वेळी सगळे टाके जिवंत असतात, एक निसटला की खालपर्यंत शिडी पडते. क्रोशात जिवंत टाका बहुतेक वेळा एकच, बाकीचे सगळे बांधलेले, म्हणून क्रोशाचं काम पिशवीत कोंबून लोकलमध्ये चढता येतं.

क्रोशाच्या गोलाबद्दल जरा सांगते, कारण माझं खरं मन तिथे लागलं. आईच्या रुखवतात तिने केलेले क्रोशाचे गोल रुमाल होते, पांढऱ्या दोऱ्याचे, त्यातला एक आमच्या टीव्हीवर कित्येक वर्षं होता. मला वाटायचं की गोल म्हणजे नुसतं गरागरा फिरत राहायचं. तसं केलं तर वाटी होते. सपाट गोल हवा असेल तर प्रत्येक फेरीत ठराविकच टाके वाढवावे लागतात, मुक्या खांबाने, म्हणजे बुटक्या टाक्याने, सुरुवात केली तर ६ टाके आणि दर फेरीला ६ वाढवायचे, पूर्ण खांबाने केली तर १२, मग २४, मग ३६, मग ४८. खांब उंच असतो, फेरी जास्त लांब पडते, म्हणून वाढही दुप्पट. आईला हा हिशोब कागदावर कधीच मांडता आला नसता, ती नुसतं काम टेबलावर ठेवून तळव्याने दाबते आणि सांगते, कडा उचलल्या तर कमी पडलेत, झालर आली तर जास्त झालेत. त्या झालरीतून तर पुढे गणित निघालंय. १९९७ साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात डायना तायमिन्या नावाच्या लॅटव्हियन गणितज्ञ बाईंनी मुद्दाम जास्त टाके वाढवत जाऊन क्रोशाचे असे झालरदार तुकडे केले आणि विद्यार्थ्यांच्या हातात दिले, कारण ज्या वक्र पृष्ठभागाची भूमिती त्या शिकवत होत्या तो कागदाचा केला की फाटायचा. हे वाचल्यावर मी मुद्दाम एक तुकडा करून बघितला, प्रत्येक टाक्यात दोन खांब. चौथ्या-पाचव्या फेरीतच त्याचं कोंबड्याच्या तुऱ्यासारखं झालं. तो मी ठेवलाय जपून, काही उपयोग नाहीये त्याचा, पण हातात घेतला की फार छान वाटतं.

तर टोपडं. ते आधी घेतलं, सोपं म्हणून, आणि तिथे एक चूक झाली ती इथे लिहितेच कारण अजून कुणाची होऊ नये. आपल्याकडे दुकानात सुया मागताना आपण नंबर सांगतो, ८ नंबर, १० नंबर, १२ नंबर. हे जुने इंग्लंडचे नंबर आहेत आणि त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. ८ म्हणजे ४ मिलिमीटर, १० म्हणजे सव्वातीन, १२ म्हणजे पावणेतीन. मी जो पॅटर्न घेतला तो अमेरिकन होता, वर्षाच्या बाळाचा (म्हटलं एक मोठी टोपी पण असू दे, पुढच्या थंडीला होईल), आणि त्यात ८ नंबर लिहिलेलं. माझ्याकडे ८ नंबरच्या सुया होत्याच. टाके मोजून घातले, सगळं जसंच्या तसं केलं आणि टोपी निघाली नवजात बाळाच्या मापाची. अमेरिकेत उलटं आहे, तिथे नंबर वाढला की सुई जाड होते आणि त्यांची ८ म्हणजे ५ मिलिमीटर. एका टाक्यामागे थोडासाच फरक, पण ऐंशी टाक्यांवर तो पसरला की डोक्याचं माप बदलतं. क्रोशाच्या पॅटर्नमध्ये तर याहून वाईट, तिथे शब्द तेच आणि अर्थ वेगळे, अमेरिकन लोक ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात त्याला इंग्लंडमध्ये डबल म्हणतात, आपला मुका खांब तो, आणि आपल्या खांबाला अमेरिकेत डबल तर इंग्लंडात ट्रेबल. आता मी पॅटर्न उघडला की आधी तो कुठला आहे ते बघते आणि सुईचा नंबर सोडून मिलिमीटर वाचते. टोपी मात्र वाया गेली नाही, ती तशीच बाळंतविड्यात गेली.

मग मोजे.

आईचे मोजे म्हणजे सपाट विणलेला तुकडा, तो तळव्याला आणि मागून शिवायचा, घोट्याशी भोकांतून लोकरीचीच नाडी ओवायची आणि नाडीच्या टोकांना दोन गोंडे. आमच्या घरातली सगळी बाळं त्याच मोज्यांत वाढली. पण त्यांना टाच नसते. बाळाने चार लाथा झाडल्या की मोजा पलंगाखाली. भाचीने आधीच सांगून ठेवलं होतं, "मावशी, पायातच राहतील असे कर ना." पायात राहायचे तर टाच हवी, आणि टाच मला येत नव्हती, आईलाही येत नव्हती.

आमच्या कॉलनीत एक काकू आहेत, डेहराडूनच्या, लग्न होऊन पुण्यात आल्या त्याला तीस वर्षं झाली. त्यांच्याकडे गेले. त्या लोकर डाव्या हातात धरतात आणि सुईच्या टोकाने नुसती टिपून घेतात, मी आईसारखी उजव्या हाताने गुंडाळते, त्यामुळे पहिला अर्धा तास मला त्यांच्या हाताकडे बघून काहीच कळेना. "काकू, जरा सावकाश करा ना," म्हटलं तर त्यांना सावकाश करताच येईना, हात अडखळायला लागले. शेवटी त्यांनी माझ्याच हातात सुया दिल्या आणि शेजारी बसून फक्त सांगत राहिल्या.

वरून घोट्यापर्यंत मोजा म्हणजे साधी नळी असते. दोन्ही बाजूंना टोक असलेल्या चार सुयांवर टाके, पाचवीने विणायचं. मी १२ नंबरवर ३२ टाके घातले होते, सुरुवातीला एक सुलट एक उलट. टाचेशी आलं की निम्मे १६ टाके तसेच थांबवायचे, ती पावलाची वरची बाजू, आणि उरलेल्या १६ वरच पुढेमागे १६ ओळी विणायच्या, प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता नुसता उचलून. अशी एक पट्टी लोंबायला लागते. आता वळण. ९ टाके सुलट, पुढच्या दोनांचा एक, अजून एक सुलट, आणि थांबायचं. डाव्या सुईवर चार टाके शिल्लक आहेत. त्यांना हात लावायचा नाही. काम फिरवायचं आणि परत यायचं.

इथे माझा हात थांबला. आईने मला विणकाम शिकवताना जी पहिली गोष्ट शिकवली होती ती ही की ओळ अर्धवट सोडायची नाही. आई ओळीला सुई म्हणते. "सुई पुरी कर आणि मग ऊठ." दारावर कुणी आलं, कुकरची शिट्टी झाली, फोन वाजला तरी सुई पुरी करूनच उठायचं, कारण मध्येच ठेवलं तर टाके ताणतात, परत घेताना कुठल्या दिशेने चाललो होतो ते कळत नाही आणि उलटीकडून सुरुवात झाली की मध्ये भोक पडतं. हे सगळं खरं आहे, मी अनुभवलंय. आणि काकू म्हणत होत्या, "फिरव, फिरव, चार राहू दे."

फिरवलं. एक उचलला, तीन उलट, दोनांचा एक, अजून एक उलट, परत थांबले, त्या बाजूलाही चार उरले. परत फिरवलं. जिथून मागच्या वेळी फिरलो तिथे दोन टाक्यांमध्ये बारीकशी फट दिसते, तीच खूण, फटीच्या अलीकडचा आणि पलीकडचा टाका एकत्र विणायचा, पुढचा एक विणायचा आणि परत मागे. दर खेपेला थोडं थोडं पुढे. सहाव्या खेपेला शिल्लक टाके संपले, १६ चे १० झाले, आणि ती सरळ लोंबणारी पट्टी खालून वळून तिची वाटी झाली होती. मी अंगठा आत घातला, तर टाच! बाळाच्या टाचेएवढी, गोल. कुठे शिवण नाही, कुठे जोड नाही. आईने आत्तापर्यंत जे भोक टाळायला शिकवलं होतं तिथूनच मागे फिरून ही वाटी झाली होती. मी ती काकूंना दाखवली, त्यांनी मान डोलवली आणि चहा टाकायला गेल्या, त्यांच्यासाठी त्यात नवीन काही नव्हतं. मी तिथेच बसून ती टाच पुन्हा पुन्हा उलटसुलट करून बघत होते.

पुढचं सगळं हिशोबाचं काम. पट्टीच्या दोन्ही कडांवरून आठ-आठ टाके उचलायचे, पहिला टाका नुसता उचलत आलो होतो त्यामुळे कडेला दोन ओळींमागे एकच लांब कडी तयार असते. १० आणि ८ आणि ८ आणि वरचे थांबवलेले १६, झाले ४२. एक फेरी आड दोन टाके कमी करत पाच वेळा केलं की परत ३२. मग पाऊल.

मोज्यांचा नाद लागल्यावर मी वाचायलाही लागले. अशा सुयांच्या विणकामाचे जे सगळ्यात जुने नमुने सापडलेत ते इजिप्तमधले, साधारण हजार वर्षांपूर्वीचे, आणि त्यात सुती मोजे आहेत. १५८९ मध्ये इंग्लंडात विल्यम ली नावाच्या माणसाने विणायचं यंत्र बनवलं तेही पायमोज्यांसाठीच. आणि मोज्याचं टोक बिनशिवणीचं बंद करायची जी पद्धत आहे, म्हणजे दोन सुयांवरचे टाके समोरासमोर ठेवून बोथट सुईने त्यांच्यामधून आणखी एक ओळ शिवूनच विणल्यासारखी काढायची, तिला इंग्रजीत किचनर स्टिच म्हणतात. हा तोच लॉर्ड किचनर जो १९०२ ते १९०९ हिंदुस्थानी सैन्याचा सरसेनापती होता. पहिल्या महायुद्धात घरोघरच्या बायका सैनिकांसाठी मोजे विणत होत्या आणि बोटांवर येणारी शिवण खंदकातल्या ओल्या बुटांत पायाला घासायची, म्हणून ही पद्धत आणि म्हणून ते नाव, असं सांगतात. मी ती शिकले तेव्हा कागदावर लिहून घेतलं होतं, सुलटसारखी, काढा, उलटसारखी, ठेवा, मग मागच्या सुईवर उलटसारखी, काढा, सुलटसारखी, ठेवा. हे मोठ्याने म्हणत करायचं. मध्ये कुणी हाक मारली की संपलं, कुठे होतो तेच सापडत नाही.

पहिला मोजा घेऊन मी नाशिकला गेले. आईच्या डोळ्यात नुकतंच औषध घातलं होतं, तिने डोळे मिटलेलेच होते, तशीच म्हणाली, "दे इकडे." तिने मोजा डाव्या हाताच्या दोन बोटांवर चढवला आणि उजव्या अंगठ्याने टाक्यांच्या रांगेवरून वरून खाली येत गेली, अगदी सावकाश, जसं आपण पोळीचा काठ चाचपतो. घोट्याच्या जरा वर थांबली. "इथे बघ, एक टाका पिळलाय." मी खिडकीशी नेऊन बघितलं. खरंच एक टाका उलट्या पायाने उभा होता, मी विणताना त्याची मागची बाजू घेतली असणार. मला तो महिनाभर डोळ्यांनी दिसला नव्हता.

मी म्हटलं उसवते. "कशाला? आकडी आण." मोज्याचं टोक अजून बंद केलं नव्हतं, टाके सुईवरच होते. त्या टाक्याच्या बरोब्बर वरचा, सुईवरचा टाका आईने सोडून दिला. मुद्दाम. आणि दोन बोटांनी कापड हलकं ताणलं, तशी ती कडी एकेक ओळ खाली सुटत गेली, मागे नुसत्या आडव्या दोऱ्यांच्या पायऱ्या राहिल्या, मला तर बघवेना. पिळलेला टाका सुटला तशी ती थांबली, माझ्या हातात क्रोशाची आकडी दिली, म्हणाली, "आता तू चढव, मला दिसत नाही." खालच्या कडीत आकडी घालायची, वरचा आडवा दोरा पकडायचा, कडीतून ओढून घ्यायचा, परत वरचा दोरा. पायरी-पायरीने टाका वर आला आणि सुईवर जाऊन बसला. आई अंगठ्याने परत एकदा वरून खाली गेली. मग टाचेत अंगठा घालून बसली. बराच वेळ. "ही कशी केलीस?"

मी सांगायला लागले, ९ सुलट, दोनांचा एक, एक सुलट, आणि चार टाके सोडून मागे फिरायचं. "सुई पुरी न करता?" हो. "आणि भोक?" फटीवरचे दोन टाके एकत्र येतात ना, मग भोक बुजतं. ती गप्प राहिली, मग म्हणाली, "तुझ्या वेळी कळलं असतं तर. तुझा एक मोजा तर बसमध्येच राहिला होता, त्र्यंबकेश्वरला जाताना."

दुसरा मोजा मी पुण्याला येऊन केला, पाच दिवसांत. तोच नंबर, तीच लोकर, तेच ३२ टाके. पहिल्याशेजारी ठेवला तर जवळपास बोटभर मोठा. पहिला विणताना मी घाबरत घाबरत, दोरा आवळून विणला होता, दुसऱ्यापर्यंत हात सैल झाला. ओळी मोजल्या, त्या सारख्याच भरल्या. सगळे म्हणाले एवढंसं काय, बाळाला काय कळतंय. पण जोडी ती जोडी. मी तिसरा विणला, सैल हाताचा, तो दुसऱ्याशी जुळला आणि ती जोडी बारशाला गेली. पहिला माझ्या सुयांच्या डब्यात आहे, टाच कशी करायची ते विसरले की तो हातात घेते, पट्टी कुठे संपली आणि कुठे फिरले ते त्याच्या टाक्यांवर सरळ वाचता येतं.

बाळ पंधरा दिवसांचं झालं तेव्हा भाचीने फोटो पाठवला, दुपट्यातून दोन पाय बाहेर आणि दोन्ही मोजे जागेवर. तो फोटो मी काकूंना दाखवला आणि आईला पाठवला. तिचं काही उत्तर आलं नाही.

परवा रात्री साडेनऊला तिचा फोन. आई नऊ वाजता झोपते. मी घाबरूनच उचलला.

"ऐक, एक बाजू झाली. आता फिरवलंय. तीन उलट की चार?"

"तीन. मग दोनांचा एक."

"थांब, ठेवू नकोस फोन," आई म्हणाली, आणि मला पलीकडून सुयांचा आवाज ऐकू यायला लागला.